दोन बेल झाल्याशिवाय गाडी सुटत नाही

पत्र: माझा मुलगा, घरी आम्ही त्याला सोनू म्हणतो, साडेपाच वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, पण बहुतेक वेळ लोकलमधल्या घोषणाच म्हणत असतो. भांडुप ते सीएसएमटी सगळी स्टेशनं क्रमाने पाठ आहेत. आठवड्यातून एकदा स्पीच थेरपी, एकदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी). थेरपिस्ट म्हणतात, ‘खरं काम घरी व्हायला हवं,’ पण नेमकं काय करायचं ते सेशनच्या शेवटच्या पाच मिनिटांत कळत नाही. मी नोकरी करते, घरी यायला साडेसात होतात. दिवसभर तो सासूबाईंपाशी असतो. सोसायटीतली मुलं खाली खेळतात तेव्हा हा गेट उघडझाप करत उभा राहतो. मुलं म्हणतात, ‘ए, याला नको घेऊ.’ शाळेने घरी फक्त इंग्रजी बोलायला सांगितलंय. माझ्या हातून हे होईल का? आणि गणपतीला आमच्याकडे दीड दिवसात पंचवीस माणसं येऊन जातात, तेव्हा काय करू? – एक आई, भांडुप

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात. सोनूला भांडुप ते सीएसएमटी सगळी स्टेशनं क्रमाने पाठ आहेत. घरच्यांना हा नाद वाटतो आणि तो सोडवावासा वाटतो. आमचं म्हणणं उलट आहे: सोडवू नका, घरी करायच्या कामाचं भांडवल तेच आहे. ऑटिझमसाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत रुळलाय, पण आम्हाला तो फारसा पटत नाही. हे मूल स्वतःत मग्न नाही, विक्रोळी आणि घाटकोपरच्या मध्ये कुठेतरी मग्न आहे. आपण तिथे जाऊन त्याला भेटायचं आहे.

हे तुमच्या हातून होईल का? ब्रिटनमध्ये लहान ऑटिस्टिक मुलांच्या आईवडिलांना, त्यांच्याच खेळाचे व्हिडिओ दाखवून, मुलाला प्रतिसाद कसा द्यायचा ते शिकवण्याची पद्धत तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०१० साली आले. पुढे तीच पद्धत दक्षिण आशियासाठी बदलून गोवा आणि रावळपिंडी इथे वापरली. तिथे शिकवणारे डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पंधरा दिवसांनी एक, अशा बारा बैठका. २०१६ च्या निष्कर्षांत दोन गोष्टी ठळक दिसल्या: आईवडील मुलाच्या लयीत बोलू लागले, आणि मूल स्वतःहून जास्त वेळा त्यांच्याकडे वळू लागलं. त्याच अभ्यासात दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणून कोणी ‘तीन महिन्यांत मूल नॉर्मल’ असं म्हणत पैसे मागत असेल तर सरळ उठून या. या कामातून मूल ऑटिस्टिक राहायचं थांबत नाही. त्याला माणसांकडे वळण्याची कारणं वाढतात.

पहिल्या आठवड्यात काही शिकवू नका, फक्त मोजा. फोन डब्याला टेकवून उभा करा आणि तुमच्या दोघांच्या खेळाचं पाच मिनिटांचं शूटिंग करा. रात्री तो झोपला की कागद घेऊन बसा आणि रेघा मारा. तुम्ही किती प्रश्न विचारलेत, किती सूचना दिल्यात (‘इकडे बघ’, ‘नीट धर’), आणि सोनूने स्वतःहून काही सुरू केलं ते किती वेळा. यात शब्दच हवेत असं नाही. गाडी तुमच्याकडे सरकवणं, क्षणभर नजर टाकणं, तुमचं बोट ओढणं, हुंकार देणं, सगळं धरा. त्यातल्या किती वेळा तुम्ही उत्तर दिलंत ते शेजारी लिहा. बहुतेक घरांत पहिल्या कागदावर प्रश्नांची रांग सगळ्यात लांब असते. ‘ही काय आहे? रंग कोणता? डबे किती?’ प्रेमापोटीच विचारतो आपण, पण मुलाच्या बाजूने ती तोंडी परीक्षा असते. उत्तर एका शब्दात संपतं आणि बोलणंही तिथेच संपतं.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज दोनदा दहा मिनिटं ठरवा. एक वेळ सासूबाईंची, दुपारची झोप झाल्यावर. दुसरी तुमची, पण दारातून आत आल्या आल्या नको. तुम्ही दमलेल्या असता आणि तो दिवसभराचं सगळं साठवून बसलेला असतो. हातपाय धुऊन, चहा घेऊन अर्ध्या तासाने बसा. टीव्ही बंद. जमिनीवर चटई, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीला. खेळणी दोन-तीनच, पण प्रत्येकाची जोडी हवी: दोन गाड्या, दोन डबे, दोन चेंडू. जोडी का, तर त्याच्या हातातलं काही न घेता तुम्हाला त्याच्यासारखंच करता यावं म्हणून. तो गाडी फरशीवर पुढे-मागे करतोय ना, तुम्हीही तुमची गाडी पुढे-मागे करा. तो थांबला की थांबा. थोड्या वेळाने तो बघतो, ही थांबते का. तिथून सुरुवात होते.

बोलायचं कमी, आणि जे घडतंय तेवढंच. तो दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, म्हणून तुमची वाक्यं तीन-चार शब्दांची. ‘मोठी गाडी आली.’ मग गप्प. मनात दहापर्यंत मोजा, ओठ न हलवता. ‘कुर्ल्याला खूप गर्दी.’ परत गप्प. हे दहा आकडे मोजणं या सगळ्या प्रकारातलं सर्वांत अवघड काम आहे. मराठी घरात शांतता म्हणजे कोणीतरी रुसलंय असं वाटतं, आणि चौथ्या आकड्याला आई पुढचं वाक्य टाकतेच. पण ऐकलेलं समजून उत्तर जुळवायला त्याला तेवढा वेळ लागतो. तुम्ही मध्ये बोललात की त्याची जुळवणी पहिल्यापासून सुरू.

बसल्या बसल्या तो पाठ फिरवेल, अशीही शक्यता आहे. तसं झालं तर तीन-चार फूट मागे सरका आणि तुमची गाडी तुमच्यापाशी खेळवत राहा. तो गाड्यांची रांग लावत असेल तर रांग मोडू नका, ‘अशी नाही, अशी’ करू नका. पुढची गाडी त्याच्या हाताशी आणून देणारा हमाल व्हा. चार-पाच दिवसांत तो गाडीसाठी तुमच्याकडे हात पसरू लागला तर ती तुमच्या कागदावरची रेघ आहे. आणि ‘डोळ्यांत बघ’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. डोळ्यांत बघताना ऐकणं जड जातं, असं अनेक ऑटिस्टिक मोठी माणसं स्वतः सांगतात. कान तुमच्याकडे असतील तर नजर गाडीच्या चाकावर राहू दे.

आता घोषणा. जेवता जेवता तो ‘पुढील स्टेशन कुर्ला’ म्हणतो तेव्हा ते निरर्थक असतं असं धरून चालू नका. तीन दिवस वहीत लिहा: काय म्हणाला, त्याआधी काय झालं होतं, नंतर काय झालं. कधी त्याचा अर्थ ‘आता पुढे काय’ असतो, कधी ‘मला पुरे’, कधी मिक्सर चालू झाल्यावर स्वतःला शांत करणं. अर्थ सापडला की त्याच चालीत त्याला उत्तर द्या: ‘पुढील स्टेशन... अंघोळ!’ एका कामातून दुसऱ्या कामात जाताना होणारी रडारड यामुळे पुष्कळदा हलकी होते. अतिरेक मात्र नको. प्रत्येक नकोशी गोष्ट त्याच्याच आवडत्या शब्दांत गुंडाळून दिली तर तो ते शब्द टाकून देईल. आवडत्या गोष्टींसाठीही तेवढ्याच वेळा वापरा.

आता मुख्य खेळ. लोकल कशी सुटते ते सोनूला बहुधा तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल. मागच्या टोकाचा गार्ड दोन बेल देतो, मगच मोटरमन गाडी काढतो. (रेल्वेने २०२२ पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायला सुरुवात केलीय. सोनूने तुम्हाला सुधारलं तर निमूट ऐका.) दोन माणसं, दोन कामं, आणि एकाशिवाय दुसऱ्याचं अडतं. समाजात वावरण्याची जी कौशल्यं म्हणतात त्यातली निम्मी या एका नियमात आहेत: थांबणं, दुसऱ्याकडे लक्ष देणं, आपली वेळ ओळखणं.

दोन खुर्च्या एकामागे एक ठेवा. पुढे तो मोटरमन, मागे तुम्ही. हातात स्टीलची वाटी आणि चमचा. दोन ठोके, गाडी सुटली. एक ठोका, थांबली. सुरुवातीचे तीन-चार दिवस बेल लगेच द्या, म्हणजे नियम अंगवळणी पडेल. मग तीन सेकंद उशीर करा, पुढे पाच. तो वळून बघेल, ‘बेल!’ म्हणेल किंवा नुसता खुर्ची हलवेल. त्यातलं काहीही झालं की त्याच क्षणी बेल. इथे मोठी माणसं हटकून माती खातात. त्यांना पूर्ण वाक्य हवं असतं: ‘आई, प्लीज बेल दे असं म्हण, मग देते.’ तसं केलंत तर त्याला कळतं की मागे वळून काही फायदा नाही. दहा सेकंदांत काहीच झालं नाही तरी बेल द्या, हसून, आणि दुसऱ्या दिवशी उशीर कमी करा.

आठवड्याभराने जागा बदला. तो गार्ड, तुम्ही मोटरमन. तुम्ही हँडल धरल्यासारखा हात करून बसून राहायचं. बेल नाही तर गाडी नाही. त्यानंतर मुद्दाम चुका: एकाच बेलवर गाडी काढा. तो ओरडेल, ‘नाही! दोन!’ आईला सुधारणं हेही संभाषणच आहे, आणि फार वरच्या दर्जाचं. मग सासूबाई प्रवासी: ‘दादर आलं का?’ हा खरा प्रश्न झाला, कारण त्यांना खरोखर उतरायचंय. पहिल्याच दिवशी टीसी, चणेवाला, चौथी सीट असं सगळं आणू नका. एका आठवड्यात एकच नवीन माणूस किंवा एकच नवीन नियम.

सासूबाईंबद्दल थोडं. त्यांचं प्रेम सोनूच्या बोलण्याच्या आड येतं, कारण तो मागायच्या आत पाण्याचा पेला हजर असतो. त्यांना थेरपी शिकवायला जाऊ नका, दोनच गोष्टी सांगा. पेला एकदम भरून द्यायचा नाही, दोन घोट ओतून थांबायचं. चकलीचा डबा पारदर्शक आणि घट्ट झाकणाचा ठेवायचा, म्हणजे उघडायला तो त्यांच्याकडे येईल. थांबायचं पाच सेकंद, नंतर तो बोलो न बोलो, द्यायचं. भुकेच्या वेळी, जेवणाच्या ताटावर हा प्रयोग करायचा नाही. ‘बोल, मगच देईन’ यातून बोलणं कमी आणि रडणं जास्त निघतं.

घरात इतकं जमलं म्हणजे खाली मुलांत आपोआप जमेल, हा भ्रम ठेवू नका. आईबरोबर शिकलेलं मुलांमध्ये सहसा आपसूक जात नाही, कारण आई थांबते आणि मुलं थांबत नाहीत. मधली पायरी बांधावी लागते. सोसायटीतलं एकच मूल निवडा. सगळ्यांत लोकप्रिय नको, नियम आवडणारं आणि थोडं शांत हवं, वय वर्षभर इकडे-तिकडे चालेल. शनिवारी तुमच्याच घरी बोलवा, वीस मिनिटांसाठी, घड्याळ लावून. खेळ तोच, दोन बेलचा. नवीन मूल गार्ड. शेवटी खाऊ. फोन नको. दोघं रंगात असतानाच थांबवा, भांडण झाल्यावर नव्हे, म्हणजे पुढच्या शनिवारी ते मूल स्वतःहून येईल.

त्या मुलाला आधी हळूच सांगून ठेवा: ‘सोनूला एकदम खूप बोललं की गोंधळायला होतं. छोटं बोल आणि थांब. उत्तर उशिरा येतं, पण येतं.’ मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर आत्मसात करतात. ऑटिझमवर काम करणारे, स्वतः ऑटिस्टिक असलेले डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं होतं की न समजण्याचा प्रश्न दोन्हीकडून असतो. आपण एकाच बाजूला शिकवत सुटतो. ‘याला नको घेऊ’ म्हणणाऱ्या मुलांनाही शिकायचं आहे, आणि ते त्यांच्या आयांशी बोलल्याशिवाय होणार नाही. निदान सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय. न सांगताही एवढी तीन वाक्यं बोलता येतात.

अशा चार-पाच शनिवारांनंतर खाली. आपल्याकडे यासाठी एक उत्तम सोय पिढ्यान् पिढ्या आहे: कच्चा लिंबू. लहान किंवा नवख्या मुलाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य आणायचं नाही. सोनूला सुरुवातीला कच्चा लिंबू म्हणून घ्यायला मुलं बहुतेक तयार होतील. पण महिनाभरच. ज्याच्यावर कधीच राज्य येत नाही तो मैदानात असूनही खेळात नसतो, आणि पुढे मुलंही त्याला विसरतात. महिन्याने एका फेरीत एकदा राज्य द्यायला सांगा, तेही विषामृतसारख्या खेळात, जिथे नियम डोळ्यांना दिसतो: ‘विष’ म्हटलं की पुतळा, ‘अमृत’ म्हटलं की सुटला. लपाछपी नंतर. दुसरा आपल्याला बघतोय की नाही याचा अंदाज त्यात सतत घ्यावा लागतो, आणि सोनू एक तर लगेच बाहेर येईल किंवा अर्धा तास जिन्याखाली बसून राहील. डबा ऐसपैसमधला पत्र्याचा आवाज त्याला सोसतो का ते आधी घरी बघा. आणि गेट? त्याला गेट आवडतं, तर ‘रेल्वे फाटक’ करून टाका. मुलांची आगगाडी आली की तो फाटक उघडेल. बोटं सापडणार नाहीत एवढं बघा, वॉचमनदादांना विश्वासात घ्या.

खाली जायच्या आधी वाचायला चार पानांची वही करा, फोटो लावून, त्याच्या तोंडची वाक्यं. ‘मी संध्याकाळी खाली जातो. खाली मुलं खेळतात. कधी कधी ती जोरात ओरडतात. मजा आली की मुलं ओरडतात. मी कानावर हात ठेवू शकतो. मी आजीकडे येऊन बसू शकतो.’ माहिती देणारी वाक्यं जास्त, काय करायचं ते सांगणारी एखाद-दुसरी. ‘मी कोणाला ढकलणार नाही’ असली शपथपत्रं लिहू नका. सकाळी शांतपणे वाचा. रडारड चालू असताना वही काढली तर ती वही कायमची शिक्षा होऊन बसते.

इंग्रजीचं म्हणाल तर शाळेचा सल्ला मनावर घेऊ नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. घरात इंग्रजीच लादली तर आजी गप्प होते आणि तुमचंही बोलणं पाठ्यपुस्तकी होतं. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, गाडीत तिन्ही भाषा. घोषणा तशाच होतात की. बोलणं अडतं तेव्हासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांचं मोफत ॲप मराठीतही चालतं. चित्र दाखवून मागू दिलं तर मूल बोलायला आळस करेल ही भीती निराधार आहे.

दर रविवारी पाच मिनिटांचं शूटिंग आणि तोच कागद. प्रश्नांच्या रेघा कमी आणि सोनूच्या रेघा जास्त, एवढं आठ आठवड्यांत दिसलं तर चाल बरोबर आहे. तो कागद आणि व्हिडिओ थेरपिस्टकडे न्या आणि म्हणा, ‘आज त्याचं सेशन नको, आमचा व्हिडिओ बघून मला सांगा.’ हे मागायला संकोच करू नका. आठ आठवड्यांत काहीच हललं नसेल तर आधी झोप आणि ऐकू येणं तपासा. श्रवणचाचणी झाली नसेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होते. येत असलेले शब्द गेले, एकटक बघत क्षणभर हरवणं किंवा झटके दिसले, स्वतःला मारून घेणं वाढलं, तर घरचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टर.

कागदपत्रांचं एकच: ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. त्यानंतर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. पावत्या जपून ठेवा.

राहिले गणपती. ‘आजोबांना नमस्कार कर, काकूंना नाव सांग’ हा पंचवीस वेळा होणारा कार्यक्रम यंदा बंद. त्याऐवजी एक काम द्या: खिरापतीची वाटी घेऊन प्रत्येकापाशी जायचं आणि ‘घ्या’ म्हणायचं. वाक्य एकच, वस्तू हातात, आणि समोरचा ती घेतो तिथे देवाणघेवाण पूर्ण. आठ दिवस आधीपासून घरच्या चौघांवर रोज तालीम घ्या. माणसं सकाळ-संध्याकाळ विभागून बोलवा. आरतीला झांज त्याच्याच हातात द्या. दुसऱ्याने अचानक केलेल्या आवाजापेक्षा स्वतः केलेला आवाज पुष्कळ मुलांना सोसतो. त्यालाही नको असेल तर आतल्या खोलीत पंखा, चटई आणि दोन गाड्या तयार ठेवा आणि दाराला चिठ्ठी लावा: ‘कारशेड’. पाहुण्यांना सांगा, गाडी कारशेडला गेली की तिच्यामागे कोणी जायचं नाही.